मसाल्याचा धंदा : अंदाज नको, हिशोब हवा

आपल्या समाजातील अनेक तरुण व भगिनी मसाल्याच्या धंद्यात उतरत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र घरच्या बिर्याणीचा मसाला वेगळा आणि वेफर्सच्या कारखान्याला पुरवायचा मसाला वेगळा. आम्ही कापडाचे व्यापारी. एका लॉटची शेड दुसऱ्या लॉटशी जुळली नाही, तर माल परत येतो. मसाल्याचेही तसेच आहे.

प्रथम गिऱ्हाईकाला विचारावे, तयार मालात मसाला किती टक्के पडणार? समजा, बिनमिठाच्या 92 किलो वेफर्सना 8 किलो मसाला लावायचा आहे व तयार मालात मीठ 1.6 टक्के हवे आहे. म्हणजे 8 किलोत 1.6 किलो, अर्थात मसाल्यात मीठ 20 टक्के. तोच मसाला 6 टक्के लावला तर मीठ 1.2 टक्क्यांवर येते व माल अळणी लागतो.

आता 100 किलोचा नमुना पाहू : मीठ 20, पिठीसाखर 15, मिरचीपूड 14, धने-जिरेपूड 12, कांदा-लसूण पूड 15, सायट्रिक अ‍ॅसिड 2, मॉल्टोडेक्स्ट्रिन 21, सिलिकॉन डायऑक्साइड 1. यातील मॉल्टोडेक्स्ट्रिन चव सर्वत्र सारखी पसरवते. शेवटचा पदार्थ गुठळ्या होऊ देत नाही.

आमच्या ओळखीच्या एका तरुणाचा माल परत आला. वजने बरोबर होती, पण मीठ जाडे व मसाला बारीक. वाहतुकीत दोन्ही वेगळे झाले. एक पोते खारट, दुसरे फिके! म्हणून सर्व जिन्नस एकाच जाडीचे चाळून घ्यावेत व प्रत्येक घाण्याचा नमुना तारीख घालून जपून ठेवावा.

हलालचीही खात्री करावी. तयार फ्लेवरमध्ये अल्कोहोल असू शकते. आयएनएस 627 व 631 हे चव वाढवणारे पदार्थ मांस-मासळीपासूनही बनतात आणि आंबवूनही. पुरवठादाराकडून उगम लेखी घ्यावा.

मिरचीला रंग कधीही देऊ नये. 2005 साली ब्रिटनमध्ये मिरचीपुडीतील सुदान रंगामुळे शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले होते.

सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप-तोलात कमी देणाऱ्यांना सक्त ताकीद आहे. फॉर्म्युल्यात लिहिलेला जिन्नस गुपचूप कमी करणे, हीदेखील आमच्या मते तोलातील कमीच. तराजू सरळ ठेवावा. बरकत त्यातच आहे.