पाण्यापासून रक्तापर्यंत : एका मण्याची गोष्ट

आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या पोट्ट्यांसाठी केमिस्ट्री म्हणजे फर्स्ट इयरला कसाबसा निघालेला पेपर. आणि बायोलॉजीला तर आपण बारावीच्या आधीच हात जोडलेले. मीही त्यातलाच. पण मागच्या हिवाळ्यात असा एक प्रसंग घडला की मला दोन्ही विषयांची पुस्तकं लायब्ररीतून काढावी लागली.

माझा रूममेट गडचिरोली जिल्ह्यातला. दिवसभर व्हॉलीबॉलच्या मॅचेस झाल्या आणि रात्री तो पाय, पाठ धरून कण्हायला लागला. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. आम्ही काय म्हणालो? "काऊन बे, फाईल अपुरी असली की बरं दुखते तुले!" तो काही बोलला नाही. पहाटे दोनला रेक्टर सरांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं तेव्हा त्याने हळूच सांगितलं, "मला सिकलसेल आहे." डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आज पाणी किती प्यायलास?"

मला कळेना, आजार रक्ताचा आणि प्रश्न पाण्याचा? त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जे समजलं, ते त्याच्या परवानगीने, पण त्याचं नाव न घालता, इथे मांडतो आहे.

१) पाणी

पाण्याच्या रेणूत एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे त्याची बाजू थोडी ऋण आणि हायड्रोजनची बाजू थोडी धन होते. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला चिकटतो. हाच हायड्रोजन बंध. एकेक बंध कमकुवत, पण संख्या अफाट. हायड्रोजन सल्फाईडचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळपास दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशांनाच उकळतो. पाण्याला मात्र १०० अंश लागतात, ते या बंधांमुळेच.

याचा फायदा चंद्रपूरकरांना कोणी सांगायला नको. मे महिन्यात पारा ४७ अंशांवर जातो आणि आपण जगतो ते घामामुळे. एक लिटर घाम वाळताना अंगातून सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. होस्टेलवर बंदी असलेली ती पाणी तापवायची कॉइल आठवा. ती एक किलोवॉटची असेल, तर चाळीस मिनिटं चालवून जेवढी उष्णता मिळेल, तेवढी!

दुसरा गुण असा : ज्यांच्या अंगावर विद्युतभार आहे किंवा विभागलेला आहे अशा पदार्थांशी, म्हणजे मीठ, साखर यांच्याशी, पाण्याची गट्टी जमते. तेलासारख्या पदार्थांना ते जवळ करत नाही. ते बाजूला पडतात आणि आपापसांत गोळा होतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२) साखर : भात आणि बांबू

आपल्या मेसचा भात आणि गडचिरोलीचा बांबू, दोन्हींतला मुख्य माल एकच : ग्लुकोज. भातातल्या स्टार्चमध्ये ग्लुकोजचे मणी एका पद्धतीने जोडलेले, बांबूच्या सेल्युलोजमध्ये दुसऱ्या. स्टार्चची साखळी वेटोळी होते आणि आपल्या लाळेतलं एन्झाईमही ती तोडू शकतं. सेल्युलोजच्या साखळ्या सरळ राहतात, एकमेकींना हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधून घेतात. म्हणून भात पचतो, आणि बांबूचं घर होतं, ताटवा होतो. बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये त्याच बांबूचा कागदही झाला. मणी तोच, जोडणी वेगळी, की पदार्थच बदलला.

मोहफुलात मात्र साखर सुटीच असते. यीस्टला आयतीच मेजवानी. एका ग्लुकोजपासून दोन रेणू अल्कोहोल आणि दोन रेणू कार्बन डायऑक्साईड. पुढचं प्रॅक्टिकल कृपया करू नये.

३) तेल : मोह आणि जवस

मोहाच्या बियांचं तेल थंडीत थिजतं, जवसाचं थिजत नाही. मोहाच्या तेलात सरळ साखळ्यांची, म्हणजे संपृक्त, स्निग्धाम्लं भरपूर. ती लाकडाच्या चिरलेल्या फळ्यांसारखी एकावर एक बसतात. जवसाच्या साखळ्यांना बाक असतो, त्या वाकड्या फांद्यांसारख्या नीट रचल्याच जात नाहीत. आपल्या प्रत्येक पेशीची भिंतही अशाच स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराची. पाण्याला टाळण्याच्या त्यांच्या स्वभावामुळे ती आपोआप उभी राहते.

४) प्रथिनं : मण्यांची माळ

आता मुख्य गोष्ट. प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. काही मणी पाणीप्रेमी, काही पाणी टाळणारे. माळ पाण्यात पडली की पाणी टाळणारे मणी बहुतेक आत दडतात, पाणीप्रेमी बाहेर राहतात आणि माळेची घडी बसते. या घडीवर तिचं काम ठरतं.

रक्तातलं हिमोग्लोबिन चार माळांचं : १४१ मण्यांच्या दोन अल्फा आणि १४६ मण्यांच्या दोन बीटा. एका तांबड्या पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू. माळेत कोणता मणी कुठे ओवायचा, हे डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेलं असतं, तीन-तीन अक्षरांचा एक शब्द. बीटा माळेच्या सहाव्या मण्यासाठी जी-ए-जी हा शब्द हवा. सिकलसेलमध्ये तिथे जी-टी-जी असतं. एका अक्षराची चूक! त्यामुळे ग्लुटामिक आम्ल या पाणीप्रेमी मण्याऐवजी पाणी टाळणारा व्हॅलिन येतो, तोही बाहेरच्या अंगाला.

हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की हा व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत जाऊन बसतो. तेलाचे थेंब एकत्र यावेत तसंच. रेणूला रेणू लागून लांब दांडे तयार होतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. त्या असह्य वेदना याच्या. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांतच मोडते, म्हणून रक्त कमी.

आणि डॉक्टरांचा तो प्रश्न? शरीरातलं पाणी घटलं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं. दाटपणा थोडासाच वाढला, तरी दांडे बनण्याचा वेग कितीतरी पटींनी वाढतो. त्या दिवशी थंडी होती, दमणूक होती आणि मॅचच्या नादात त्याने पाणी घेतलं नव्हतं. आम्ही ज्याला नाटक म्हणालो, ती साधी केमिस्ट्री होती.

५) आपल्या जिल्ह्यांशी नातं

१९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा 'रेणूचा आजार' असल्याचं दाखवलं. नेमका मणी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधला. भारतात १९५२ साली निलगिरीत याची पहिली नोंद झाली. आपल्याकडे, १९८६ पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने सुरुवातीच्या काळातच या आजाराकडे लक्ष वेधलं. हा फक्त आदिवासींचा आजार, हाही गैरसमज. विदर्भात तो इतर समाजांतही आहे.

मलेरियाच्या मुलखातच हे जनुक टिकलं, याला कारण आहे. एकाच पालकाकडून ते मिळालेल्या 'वाहका'ला सहसा त्रास नसतो, उलट गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं. पण दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक.

१ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आहे आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं तेव्हा ठरलं. तपासणीला रक्ताचे काही थेंब पुरतात. हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात. हा आजार संसर्गाने पसरत नाही, एका ताटात जेवल्याने तर नाहीच.

तेव्हा मित्रांनो, एकदा रक्त तपासून घ्या. लग्नाची पत्रिका पाहण्याआधी तो रिपोर्ट पाहा. आणि होस्टेलवर कुणी "दुखते" म्हणाला, तर आधी पाण्याचा ग्लास पुढे करा, मग विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवा. आम्ही हे उलट क्रमाने शिकलो.

माझा रूममेट आता बरा आहे. त्याच्या बाटलीत पाणी भरून ठेवायची ड्यूटी आमच्या रूममध्ये आळीपाळीने लागते. सबमिशन मात्र त्याचं अजूनही अपुरंच असतं!