बदलीचं पत्र आलंय, मुलीचा बाबा नको म्हणतो

प्रश्न : मी पुण्यात एका आयटी कंपनीत काम करते. जोडीदार आणि मी लग्न न करता काही वर्षं एकत्र राहिलो. आमची मुलगी सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते. दोन वर्षांपूर्वी आम्ही वेगळे झालो. मुलगी माझ्याकडे असते. तो दर रविवारी तिला चार तास घेऊन जातो आणि खर्चाला दरमहा पैसे देतो. जन्मदाखल्यावर त्याचं नाव आहे. कोर्टाची पायरी आम्ही कधी चढलेलो नाही. आता मला बढतीवर बंगळुरूला बदली मिळाली आहे. तो म्हणतो, ‘मुलीला पुण्याबाहेर नेलंस तर अपहरणाची केस टाकेन आणि पैसेही बंद करेन.’ मी काय करू? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी धमकीचं बघू. या आईवर अपहरणाचा गुन्हा उभा राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ प्रमाणे मुलाला त्याच्या कायदेशीर पालकाच्या संमतीशिवाय नेलं तर ते अपहरण. इथे कायदेशीर पालक खुद्द आईच आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये दोन वेगळे क्रम दिले आहेत. मूल विवाहातून झालेलं असेल तर नैसर्गिक पालक आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई. मूल विवाहाबाहेरचं असेल तर आधी आई, मग वडील. हा कायदा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. म्हणजे ज्या बाईला समाज सर्वांत जास्त बोल लावतो, तिला कागदावर विवाहित आईपेक्षाही वरचं पालकत्व मिळालेलं आहे. हे ठाऊक नसल्यामुळे घाबरून हातची बढती नाकारणाऱ्या आयांनी तरी हे कलम एकदा वाचावं.

जन्मदाखल्यावर बाबाचं नाव आहे म्हणून हा क्रम बदलत नाही. ते नाव पितृत्वाचा पुरावा ठरतं, पालकत्वाचा हुकूम ठरत नाही.

परवानगीचं काय? पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम २६ प्रमाणे न्यायालयाने नेमलेल्या पालकाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर मुलाला नेण्याआधी परवानगी घ्यावी लागते. ही आई न्यायालयाने नेमलेली नाही, ती नैसर्गिक पालक आहे. कोणताही आदेश नाही, कोणतंही प्रकरण प्रलंबित नाही. आजच्या घडीला तिला पुणे सोडायला कुणाची लेखी संमती लागत नाही.

तरीही तिने बॅग भरून रातोरात निघू नये. त्याचं कारण त्याच १९५६ च्या कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. पालक कुणी असो, वाद न्यायालयात गेला की मुलाचं हित सर्वोच्च. पालकत्वाचा क्रम मग मागे पडतो आणि न्यायाधीश विचारतात ते एवढंच, की या मुलीचं कशात भलं आहे. मुलीच्या बाबाला पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात ताब्यासाठी किंवा भेटीसाठी अर्ज करण्यापासून कुणी रोखू शकत नाही. मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या न्यायालयाला १८९० च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे अधिकार असतो, आणि सामान्य निवास कोणता हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे. मुलगी जन्मापासून पुण्यात आणि बंगळुरूत आठच दिवस, अशी स्थिती असेल तर प्रकरण पुण्यातच चालेल असा युक्तिवाद जोरकस ठरतो. मग आई दर तारखेला बंगळुरूहून पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात येणार, आणि ‘न सांगता पळवलं’ हे वाक्य समोरच्या वकिलाच्या अर्जाच्या पहिल्याच पानावर असणार.

उघडपणे, योजना घेऊन आलेल्या आईकडे न्यायालयं कशी पाहतात याची दोन उदाहरणं महत्त्वाची आहेत. दोन्ही विवाहित जोडप्यांची आहेत, पण मुलाच्या हिताची कसोटी लग्नावर अवलंबून नसते.

पहिलं पुण्यातलंच. एका आईला कंपनीने पोलंडमधल्या क्राकोव्हला काम देऊ केलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला सोबत नेण्याची परवानगी कौटुंबिक न्यायालयाने नाकारली. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी तो आदेश रद्द केला. मूल की करिअर यांतून एकाची निवड करायला आईला भाग पाडता येणार नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. मात्र वडिलांना वाऱ्यावर सोडलं नाही. सुट्टीत मुलीला भारतात आणून त्यांची भेट घडवण्याची जबाबदारी आईवर टाकली. दुसरं उदाहरण २०१० चं, सर्वोच्च न्यायालयाचं. घटस्फोटित आईला नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. मुलगा आठ-दहा वर्षांचा होता. न्यायमूर्तींनी त्याच्याशी स्वतः बोलून त्याचा कल जाणून घेतला, आईला परवानगी दिली आणि वडिलांच्या भेटीचं वेळापत्रक नव्याने आखलं. ताब्याचा आदेश कधीच दगडावरची रेघ नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलता येतो, हेही त्या निकालात स्पष्ट आहे.

आता आईने प्रत्यक्षात काय करावं, तर जाण्याच्या किमान दोन-तीन महिने आधी बाबाला लेखी कळवावं. ईमेल चालेल. त्यात बंगळुरूतली शाळा, घराचा पत्ता, मुलीला शाळेनंतर कोण सांभाळणार, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बाबाच्या भेटीचा नवा आराखडा असावा. या आराखड्यावर खरी मेहनत करायला हवी. आज बाबाला रविवारचे चार तास मिळतात. वर्षाच्या हिशेबाने ते २०८ तास होतात, आणि त्यातले बरेचसे मॉलमध्ये किंवा बागेत जातात. मे महिन्याच्या सुट्टीतले तीन आठवडे मुलगी त्याच्या घरी राहिली तर एकट्या त्या सुट्टीचे ५०४ तास होतात. मुलगी तिथे झोपते, उठते, आजीच्या हातचं जेवते, चुलत भावंडांशी भांडते. त्यात दिवाळीचा एक आठवडा आणि रोज संध्याकाळचा व्हिडिओ कॉल धरला तर बाबाच्या वाट्याला आहे त्यापेक्षा जास्तच येतं. बाबाची खरी भीती मुलगी आपल्याला विसरेल ही असते. ती भीती धुडकावून लावणं क्रूरपणाचं आहे, आणि आकडे समोर ठेवले तर ती बरीच कमीही होते. व्हिडिओ कॉलचा आग्रह सर्वोच्च न्यायालयानेही धरला आहे: पालक वेगळ्या राज्यांत किंवा देशांत राहत असतील तर प्रत्यक्ष भेटीसोबत संपर्काचा हक्कही महत्त्वाचा, असं २०२० च्या एका निकालात म्हटलं आहे. प्रवासखर्च कोण करणार, हेही त्याच आराखड्यात लिहावं. बढती आईला मिळाली आहे, तेव्हा निम्मा तरी तिने उचलावा, म्हणजे हेतूबद्दल शंकेला जागा राहत नाही.

बाबा तयार झाला तर स्टॅम्प पेपरवर सह्या करून थांबू नये. अशा कराराने न्यायालय बांधलं जात नाही. दोघांनी कौटुंबिक न्यायालयात अर्ज करून संमतीच्या अटी दाखल कराव्यात आणि त्यावर आदेश घ्यावा. तयार झाला नाही तर आईने स्वतःच पुण्याच्या न्यायालयात जावं. आधी अर्ज करणारी आई आणि नोटीस मिळाल्यावर हजर होणारी आई, यांत न्यायाधीशांच्या नजरेत फरक पडतो. तिथले समुपदेशक दोघांशी बोलतील. सहा वर्षांच्या मुलीचं मत निर्णायक नसतं, पण न्यायाधीश तिला चेंबरमध्ये बोलावू शकतात. त्या वेळी आईवडील बाहेर थांबतात. ‘बाईंनी विचारलं तर असं सांग’ असं तिला घरी पढवू नये. पढवलेलं मूल दोन प्रश्नांत ओळखू येतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते ओझं त्या मुलीने पुढे अनेक वर्षं वाहायचं असतं.

एक निकाल नातेवाईक तिला हमखास पाठवतील: जुलै २०१५ चा ‘एबीसी’ खटला. त्यात दिल्लीच्या एका अविवाहित ख्रिस्ती आईला आपल्या बचतीत आणि विम्यात मुलाला नॉमिनी करायचं होतं. तिच्याकडे बापाचं नाव किंवा पालकत्वाचा दाखला मागितला गेला. ती न्यायालयात गेली तर बापाला नोटीस काढा म्हणून तिचा अर्ज खालच्या न्यायालयाने आणि उच्च न्यायालयानेही फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती विक्रमजित सेन आणि न्यायमूर्ती अभय मनोहर सप्रे यांनी दोन्ही निकाल फिरवले. बापाचं नाव उघड न करता, त्याला नोटीस न देता आईला पालक नेमता येईल असं सांगितलं. अविवाहित आईने जन्मदाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र दिलं की पुरे, असंही म्हटलं. निकाल मोठा आहे, पण तो मुलाच्या आयुष्यात कधी आलाच नाही अशा बापाबद्दल होता. दर रविवारी दारात येणाऱ्या, खर्च देणाऱ्या बाबाला तो लावायला जाऊ नये.

सावध राहावं असा आणखी एक मुद्दा आहे. दीर्घकाळ नवरा-बायकोसारखे एकत्र राहिलेल्यांचं लग्न झालं असल्याचं कायदा गृहीत धरू शकतो; जून २०२२ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा अधोरेखित केलं. बाबाच्या वकिलाने हा मुद्दा मांडला आणि तो टिकला, तर मूल औरस ठरेल आणि कलम ६ चा क्रम उलटेल. भाडेकरार, बँकेचे नॉमिनेशन, शाळेचा प्रवेशअर्ज यांत दोघांनी स्वतःला काय म्हणवलं होतं, हे आताच तपासून ठेवावं. अर्थात १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वडिलांच्या नंतर आई’ याचा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ इतका संकुचित घ्यायचा नाही, हे ठरवलं आहे. शिवाय कलम १३ आहेच. त्यामुळे मुद्दा उपस्थित झाला तरी आईने हातपाय गाळू नयेत.

पैशांचं उत्तर सोपं आहे. मूल औरस असो वा अनौरस, त्याला पोटगी देणं बापावर बंधनकारक आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. मुलगी कोणत्या शहरात राहते यावर हे देणं अवलंबून नाही. उलट बाजूही तितकीच पक्की आहे: पैसे थकले म्हणून आईने भेटी बंद करायच्या नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याच्या आईशी माझं लग्न झालेलं नाही. शनिवार-रविवार तो माझ्याकडे असतो. ‘आपण कॅनडाला राहायला जाणार’ असं परवा त्याच्या बोलण्यातून कळलं. मला काहीच हक्क नाही का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : हक्क आहे, पण तो बजावण्याची वेळ आत्ताची आहे.

आईचं पालकत्व पहिलं, हे वर आलंच. पासपोर्टच्या पातळीवर तिला रोखता येईल या भरवशावर राहू नये. डिसेंबर २०१६ मध्ये नियम सैल झाले आणि अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरेसं ठरलं. मूल एकदा कॅनडाला पोचलं की वाट फार अवघड होते. पळवलेल्या मुलांना परत पाठवण्याबाबतचा १९८० चा हेग करार कॅनडाने स्वीकारला आहे, भारताने स्वीकारलेला नाही, आणि तो करार दोन्ही देश सदस्य असतील तरच चालतो. नागपूरच्या बापाला तिथे त्याचा आधार नाही. उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा ताब्यातून सोडवण्याचा, अर्जही सहज साधणार नाही, कारण कायदेशीर पालक असलेल्या आईजवळ मूल असणं हा बेकायदा ताबा ठरत नाही.

तेव्हा रस्ता नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून जातो. १८९० च्या कायद्याखाली अर्ज, आणि त्यासोबत कलम १२ खाली अंतरिम अर्ज: निर्णय होईपर्यंत मुलाला देशाबाहेर नेऊ नये. असा आदेश झाला की त्याला वजन येतं. २०२० चा जो निकाल वर आला, त्यात आईने अमेरिकेतल्या न्यायालयाचा आदेश मोडून मुलीला भारतात आणलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मुलीला परत अमेरिकेत न्यायला सांगितलं. आदेश मोडून मिळवलेला ताबा न्यायालयं सहजी टिकू देत नाहीत.

अर्जात आईच्या चारित्र्यावर एक ओळही लिहू नये. तिचं लग्न झालेलं नाही हा युक्तिवाद मांडणारा बाप स्वतःच्याच मुलावर शिक्का मारत असतो. लिहायचं ते आपण काय केलं हे: शाळेच्या फीच्या पावत्या, पालकसभेतल्या सह्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, शनिवारचा अभ्यास, पोहण्याचा क्लास. पितृत्व नाकारलं जाण्याची शक्यता असेल तर जन्मदाखला आणि जुने संदेश जपून ठेवावेत. डीएनए चाचणीचा आदेश न्यायालयं सरसकट देत नाहीत.

आणि मागणी काय करायची, हे शांतपणे ठरवावं. मूल आईकडे वाढलं असेल आणि तिची योजना पक्की असेल तर तिला कायमचं अडवणारा आदेश मिळण्याची शक्यता कमी आहे. मिळू शकतं ते असं: उन्हाळ्याची सुट्टी नागपुरात, ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, शाळेचा अहवाल दोघांनाही, पत्ता बदलला तर पूर्वसूचना, आणि मुलाला परत आणण्याची आईची न्यायालयासमोरची लेखी हमी. ही हमी मुलगा नागपुरात आहे तोवरच घेता येते. त्यामुळे तिकिटं निघाल्याची खात्री होईपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात कौटुंबिक कायद्याचा वकील गाठा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा, तिथे पात्र अर्जदाराला मोफत वकील मिळतो.