ऑइल पिणारी गाडी आणि तोंडी उत्तरं

गाडीचं नाव घेणार नाही. कंपनीचं नाही आणि सर्व्हिस सेंटरचंही नाही. परदेशी, दोन दरवाजांची, टर्बो पेट्रोल. ज्यांना कळायचं त्यांना एवढ्यावर कळेल. "स्पोर्ट्स कारची हौस केलीस ना, मग सोस आता खर्च," असं तोंडावर सुनावणारे पुष्कळ भेटले. खर्चाला मी कधी ना म्हटलं होतं? टायर, ब्रेक पॅड, विम्याचा हप्ता, सगळं हिशेबात धरलं होतं. पण इंजिन वॉरंटीत होतं आणि तक्रारही वॉरंटीतच केली होती, एवढं ऐकून घ्यायला कोणाला वेळ नाही.

दोन सर्व्हिसिंगच्या मधेच ऑइलचा पिवळा दिवा लागला. ऑइल भरलं, दिवा गेला. सावंगीहून समृद्धीवर चढून नागपूरला जाऊन आलो, तेही 120 च्या मर्यादेत, तर पुन्हा लागला. पार्किंगच्या फरशीवर एक थेंब नाही. गळत नव्हतं, म्हणजे जळत होतं.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने टॅबवरून मान वर न करता सांगितलं, "नॉर्मल आहे सर. हजार किलोमीटरला अर्धा लिटर कंपनीच्या पुस्तकातच दिलंय." बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तकात तसं असतं, खोटं नाही. पण माझी गाडी अर्धा पितेय की एक, हे मोजलं कोणी? मोजा म्हटलं, तर "पुढच्या सर्व्हिसला बघू." पुढच्या सर्व्हिसला अ‍ॅडव्हायझरच नवा. जॉब कार्डावर माझ्या तक्रारीचं काय झालं? 'ऑइल टॉप-अप केले. गाडी ओके.'

खरं काय ते चिकलठाण्याकडच्या एका गॅरेजात कळलं. तिथल्या मेकॅनिक चाचांनी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं. काळं, ओलं, चिकट. गाडी पाचेक मिनिटं नुसती चालू ठेवली आणि मग एकदम रेस दिली. मागे निळा धूर. "साब, रिंगां गये इसके." पिस्टनची खालची रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली सोडते. तिची बारीक छिद्रं कार्बनने बुजली की ऑइल वरच राहतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. जे चाचांना बोटाने कळलं ते वातानुकूलित वर्कशॉपातल्या स्कॅनरला इतके दिवस कळलं नाही म्हणे.

पुन्हा सेंटरला गेलो, तोवर वॉरंटी संपलेली. मॅनेजर म्हणाले, "आधीची तक्रार सिस्टीममध्ये दिसत नाही, सर." टॉप-अप दिसतो, तक्रार दिसत नाही! वर, "लोकल पेट्रोल टाकलं असेल तुम्ही." मग काय परदेशातून टँकर मागवायचा होता? इंजिन बिघडल्याचा राग एव्हाना ओसरलाय. या वाक्याचा नाही.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं समजू नका. पोर्शच्या 996 पिढीतल्या 911 आणि त्या काळच्या बॉक्सस्टर गाड्यांत इंजिनातल्या मधल्या शाफ्टची एक छोटी बेअरिंग तुटायची आणि अख्खं इंजिन निकामी व्हायचं. अमेरिकेतल्या मालकांनी एकत्र येऊन दावा लावला, 2013 मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. 2007 ते 2013 च्या बीएमडब्ल्यू एम-3 मधलं व्ही-8 इंजिन बिग-एंड बेअरिंग खातं, म्हणून जाणते मालक ती वेळेआधीच बदलून घेतात. मालक एकत्र आले की 'नॉर्मल' हे उत्तर फार दिवस चालत नाही. आपल्या शहराने, तेव्हाच्या औरंगाबादने, 2010 साली 65 कोटींच्या दीडशे मर्सिडीज एका दमात घेतल्या, त्याच्या बातम्या देशभर झाल्या. घेताना एकत्र आलो. वर्कशॉपच्या काउंटरवर मात्र ज्याचा तो एकटा.

असो. माझ्याकडून घ्यायचं ते एवढं. ऑइल कमी होतंय असं वाटलं की 'ऑइल कन्झम्शन टेस्ट' लेखी मागा. ऑइल खुणेपर्यंत भरून झाकण सील करतात, हजार किलोमीटर गाडी चालवल्यावर किती उरलं ते मोजतात. नाही म्हणाले तर नकार ईमेलवर घ्या. जॉब कार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. अनेक नव्या गाड्यांत ऑइल तपासायची दांडीच नसते, नुसता स्क्रीन. मग त्या स्क्रीनचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा, गाडी सपाट जागेवर आणि इंजिन गरम असताना.

पेट्रोलच्या टोपीवर 95 ऑक्टेन लिहिलं असेल तर त्याहून कमीचं टाकू नका, आणि बिलं जपा. पेट्रोल हीच उद्या तुमच्या विरोधात काढली जाणारी पहिली गोष्ट आहे. पंधरा हजार किलोमीटरला ऑइल बदला असं पुस्तक म्हणतं, पण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. आठ हजारांत बदला. इंजिन गरम झाल्याशिवाय दामटू नका वगैरे तुम्हाला माहीतच आहे. जुनी गाडी घेणार असाल तर विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करू नका. गरम करून ठेवलेली गाडी दाखवली तर तिथूनच परत फिरा.

ग्राहक आयोगाकडे जायला वकील लागतोच असं नाही. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच तक्रार होते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. आधी 1915 या हेल्पलाइनवर विचारा. माझी तक्रार दाखल आहे. समोरच्यांचे वकील तारखांवर तारखा मागतायत. तुमच्या वॉरंटीचे दोन-तीन महिने उरले असतील, तर ती टेस्ट या आठवड्यातच मागा, आणि फोनवर नव्हे, ईमेलवर.