अमृतेश्वर आणि झंझ राजा

भंडारदऱ्याला गेलेला प्रत्येक जण शेंडीहून रतनवाडीला जातो, अमृतेश्वरचे देऊळ बघतो आणि एक वाक्य हमखास ऐकतो, "हे झंझ राजानं बांधलं." आमच्या ट्रेकलाही ऐकलं. पण हा झंझ कोण, असं विचारल्यावर सगळे गप्प! म्हणून परत आल्यावर लायब्ररीत जरा शोधाशोध केली.

झंझ हा उत्तर कोकणचा शिलाहार राजा. वप्पुवन्नाचा मुलगा. त्याच्यानंतर त्याचा भाऊ गोग्गी गादीवर आला. शिलाहार तेव्हा स्वतंत्र नव्हते, मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. झंझाच्या काळाची पक्की तारीख आपल्याला देतो तो चक्क एक परदेशी प्रवासी! बगदादचा अल्-मसूदी इ.स. 916 मध्ये सैमूरला, म्हणजे आपल्या अलिबागजवळच्या चौलला आला होता. तिथे झंझ राज्य करतो असे त्याने लिहून ठेवले आहे. बंदरात सुमारे 10,000 मुसलमान राहत होते. काही इथेच जन्मलेले, तर काही बसरा, बगदाद, ओमान आणि इराणातल्या सिराफहून आलेले. त्यांच्यातलाच एक जण राजा त्यांचा प्रमुख म्हणून नेमत असे. हजार वर्षांपूर्वीचं कोकण एवढं गजबजलेलं होतं!

आता देवळाकडे येऊ. झंझाने स्वतःच्या नावाने शंकराची 12 देवळे बांधली, असे शके 1016 (इ.स. 1094) च्या शिलाहार ताम्रपटात म्हटले आहे. गंमत अशी, की ती 12 गावे कोणती याची यादी त्यात नाही. नद्यांच्या उगमाजवळची जुनी शिवालये शोधून लोकांनी ती यादी नंतर पुरी केली. प्रवरा रतनगडावर उगम पावते, म्हणून अमृतेश्वर तिच्यात आला.

मला स्वतःला हे पटत नाही. देवळाचं शिखर भूमिज पद्धतीचं आहे, म्हणजे उभ्या पट्ट्यांच्या मधे छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा. महाराष्ट्रात ही पद्धत दिसते ती मुख्यतः अकराव्या शतकापासून; अंबरनाथचं देऊळच शके 982 (इ.स. 1060) चं. शिवाय प्रवरेच्याच काठी संगमनेरला शके 922 (इ.स. 1000) चा जो ताम्रपट सापडला, तो यादव राजा दुसरा भिल्लम याचा. तेव्हा बांधणारा यादवांच्या बाजूचा असावा, असा माझा अंदाज. पुढच्या ट्रेकला सिव्हिलवाल्यांनी शिखर नीट बघून यावं, आणि मग भांडायला यावं. चहा माझ्याकडून.