हात वर, गोल आपल्याच जाळ्यात

प्रश्न : टोरंटोत मुलांच्या आइस हॉकी सामन्यांत पंच म्हणून नुकतीच सुरुवात केली आहे. पेनल्टीसाठी हात वर केला असताना फाउल झालेल्या संघाने चुकून पक आपल्याच रिकाम्या जाळ्यात घातला, तर गोल धरायचा का?

उत्तर : हो, धरायचा, आणि पेनल्टीही द्यायची. शिक्षा एका संघाला, गोलही त्याच संघाला, हे विचित्र वाटेल. पण खेळ थांबत नाही तो फाउल झालेल्या संघाला फायदा मिळावा म्हणून. चुकीपासून त्यांचं संरक्षण करणं पंचाचं काम नाही.

२८ नोव्हेंबर १९७९ रोजी एनएचएलमध्ये नेमकं हेच घडलं. पेनल्टी न्यूयॉर्क आयलँडर्स संघावर येणार होती, म्हणून प्रतिस्पर्धी कोलोरॅडो रॉकीजने जादा खेळाडूसाठी गोलकीपर बाहेर काढला. रॉकीजच्या रॉब रॅमेजचा मागे दिलेला पास थेट स्वतःच्या जाळ्यात गेला. आयलँडर्सकडून पकला शेवटचा स्पर्श गोलकीपर बिली स्मिथचा होता; एनएचएलमध्ये गोल नावावर लागलेला तो पहिला गोलकीपर ठरला.

खरी कसोटी शिटीची : ती फाउल करणाऱ्या संघाने पकचा ताबा घेतल्यावरच वाजवायची. फाउल करणाऱ्या संघाच्या गोलकीपरला पक नुसता लागून उडाला, तर तो ताबा नव्हे. घाईने शिटी वाजवू नका. गोल झाल्यावर दोन्ही कर्णधारांना बोलावून नियम शांतपणे सांगा. प्रशिक्षक ओरडतीलच, निर्णय बदलू नका.