हॅमस्टरचे घरटे आणि दाण्याचा साठा

पाळीव प्राण्यांच्या दुकानांत हॅमस्टरच्या पिंजऱ्याबरोबर घरट्यासाठी म्हणून मऊ तंतूंचा पुडा विकला जातो. दिसायला तो पिंजलेला कापूस, पण पुष्कळदा त्यात पॉलिएस्टरचा धागा असतो. आपण कपड्याच्या धंद्यातले लोक, धाग्याचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. लांब, चिवट तंतू तुटत नाही, गुंडाळत जातो. हॅमस्टरच्या पायाला तो आवळला की रक्त पोहोचत नाही व पाय निकामी होतो. गालाच्या पिशवीत किंवा आतड्यात अडकला तर जीवही जातो. शिंपीकाम करणारे बांधव हौसेने मुलांना कतरण देतात, तिचेही दोरे सुटतात, म्हणून तीही नको. पुड्यावर काहीही छापलेले असो, दुकानदारांनी असा माल ठेवू नये. साध्या, बिनवासाच्या, बिनछपाईच्या टिश्यू कागदाच्या पट्ट्या द्याव्यात. कागद लगेच फाटतो, पायात अडकत नाही, आणि खर्चही किरकोळ.

सुतारबंधूंकडचा भुसाही पारखून घ्यावा. देवदार व चीड यांच्या लाकडाला जो वास येतो, तो या लहान जनावराच्या श्वासाला बाधतो. प्लायवूडच्या भुग्यात सरस असतो, तो तर मुळीच घालू नये.

आता साठ्याविषयी. सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरियातील हलब म्हणजे अलेप्पो भागातला. तिकडच्या अरबी बोलीत त्याला ‘अबू जिराब’, म्हणजे झोळीवाला, म्हणतात. दोन्ही गालांत दाणे भरून तो बिळात नेऊन ठेवतो. पिंजऱ्यातही तेच करतो. वाटी रिकामी दिसली की मुले पुन्हा भरतात, प्रत्यक्षात माल गोदामात गेलेला असतो. मोठ्या हॅमस्टरला दिवसाला साधारण 10 ग्रॅम कोरडे दाणे पुरतात. साठा वाढत असेल तर वाटीत कमी घालावे.

साफसफाई करताना सगळा साठा उचलून फेकू नये. गोदामात पाणी शिरले तर आपण भिजलेला गठ्ठा आधी बाहेर काढतो, कोरडा माल जागेवरच ठेवतो. इथेही तसेच. ओले, बुरशी आलेले, मोड फुटलेले, किडलेले दाणे काढावेत व त्याच जागी थोडे ताजे ठेवावेत. कोठार रिकामे दिसले की जनावर बेचैन होते. काकडी, गाजर संध्याकाळी द्यावे आणि उरलेले सकाळी काढावे. वाटीत दिसले नाही म्हणजे खाल्ले असे समजू नये, घरट्यात पाहावे, कारण तुकडा तिथेच कुजतो. आपल्याकडे पावसाळ्यात हे रोज पाहावे लागते. त्या दिवसांत दाणेही आठवड्यापुरतेच आणावेत.

लघवीसाठी हॅमस्टर बहुधा एकच कोपरा धरतो. तो कोपरा एक-दोन दिवसांआड साफ केला की बाकीचा पिंजरा बरेच दिवस चांगला राहतो. सगळे अंथरूण एकदम बदलू नये. जुन्यातले कोरडे थोडे परत घालावे, म्हणजे त्याला स्वतःचा वास मिळतो. पिंजरा कोमट पाणी व सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवावा. फिनेल वापरू नये. हे काम संध्याकाळी, तो आपणहून उठल्यावर करावे. दिवसा झोपेतून उठवले तर चावतो, यात त्याचा दोष नाही. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. शेपटीखाली ओले व घाण दिसू लागले, जनावर सुस्त पडले, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. या जुलाबात लहान पिल्लू एक-दोन दिवसांतही दगावते.

मादी व्यायली असेल तर वरचे नियम बाजूला ठेवावेत. 1930 साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहारोनी यांना हलबजवळ बीळ खणून मादी व तिची 11 पिल्ले मिळाली. पेटीत ठेवताच मादीने एक पिल्लू मारले, म्हणून बाकीची तिच्यापासून वेगळी करावी लागली. आज घरोघरी दिसणारे सोनेरी हॅमस्टर बहुतेक त्याच वाचलेल्या पिल्लांचे वंशज मानले जातात. घरटे हलवले की मादी आजही तसेच करते. म्हणून पहिले दोन आठवडे घरट्याला हात लावू नये, दाणे व पाणी तेवढे ठेवावे, आणि वास आला तरी सोसावा.