धडा : दारापुढचा ओटा



रॅफल्स प्लेसला स्टेशनातून वर आले की मान उंच करावी लागते. तिथली 'वन रॅफल्स प्लेस' ही सुमारे २८० मीटर उंच इमारत जपानी वास्तुशिल्पी केन्झो टांगे यांची. ती कचेऱ्यांची इमारत. पण माणसे राहतात ती घरे कशी असावीत?

पुण्यात एका मोठ्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या बाळकृष्ण दोशी (१९२७–२०२३) यांनी याचे उत्तर माणसांकडेच शोधले. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून त्यांनी पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम केले. १९६२ साली त्यांनी अहमदाबादेत वास्तुकलेचे विद्यालय स्थापन केले.

इंदूरच्या 'अरण्य' वसाहतीसाठी त्यांच्या संस्थेने आधी झोपडपट्ट्यांचा अभ्यास केला. लोक दाराबाहेर कुठे बसतात? दुकान कुठे मांडतात? खोली कशी वाढवतात? त्यावरून आराखडा ठरला. सर्वांत गरीब कुटुंबांना तयार घर नव्हे, तर जोते, संडास आणि पाणी-विजेची सोय दिली. पुढचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. नमुन्याच्या घरांना ओटेही होते. म्हणजे वास्तुशिल्प्याने आरंभ केला आणि घर पुरे केले राहणाऱ्यांनी!

२०१८ साली प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे दोशी हे पहिले भारतीय.

शब्दार्थ : जोते – घराचा पाया जमिनीवर येतो तो भाग, ओटा – दारापुढची बसायची उंच जागा, ऐपत – पैशाची ताकद.

स्वाध्याय : आपल्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत अर्धा तास बसा. कोण येते, काय करते? पाच वाक्ये लिहा. तिला 'ओटा' म्हणता येईल का? आजीला विचारा.